खुर्चीची पावती

ती खुर्ची मी माझ्या पैशाने घेतली. हे वाक्य मी चारचौघांत आजवर दोनदाच उच्चारलं आहे. एकदा देवळाच्या सभामंडपात भावकीसमोर, आणि दुसऱ्यांदा हे आत्ता. तिसऱ्यांदा उच्चारण्याची वेळ येईल असं वाटत नाही.

खुर्ची साधी नाही, हेही कबूल करून टाकते. बाजूची मूठ ओढली की पाठ मागे जाते, पायांखालून एक गादीची फळी वर येते आणि माणूस दात काढायला आल्यासारखा आडवा होतो. मी चौतीस वर्षं ग्रंथालयात नोकरी केली. तिथे पुस्तकं हजारोंनी होती आणि बसायला घडीची लोखंडी खुर्ची. निवृत्त होताना लोकांनी मला शाल, नारळ आणि माझ्या कार्याचा गौरव करणारं एक मानपत्र दिलं. मानपत्रात वर्णन केलेली बाई मला ओळखीची वाटली नाही, पण तिच्या कंबरेबद्दल त्यात काही नव्हतं एवढं लक्षात आलं. त्याच दिवशी ठरवलं की उरलेलं वाचन पाय वर करून करायचं.

खुर्ची घ्यायला त्यानंतर चार वर्षं गेली, कारण मधे कोर्टाचं काम आलं.

नाशिक शहराच्या उत्तरेला इमारती जिथे संपतात आणि मळे सुरू होतात तिथे आमचं घर आहे. ही जागा दरवर्षी थोडी पुढे सरकते, पण आम्ही अजून मळ्यांच्या बाजूला आहोत. दहा-बारा मळे, सगळे भावकीचे. झेंडू, शेवंती, गुलाब, आणि मधल्या पट्ट्यांत मेथी-कोथिंबीर. माझा नवरा गेल्यापासून आमचा मळा धाकटे दीर बघतात. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी. मळ्यांतून डांबरी रस्त्याला यायला एकच वाट आहे, नकाशावर दोन तुटक रेघांनी दाखवलेला शिवाररस्ता. सगळा माल त्यावरून जातो.

या रस्त्याच्या तोंडाशी एक लॉन्स उभं राहिलं. नाशिकबाहेरच्या वाचकासाठी सांगते, लॉन्स म्हणजे हिरवळ नव्हे. हिरवळ असते, पण ती निमित्ताला. लॉन्स म्हणजे लग्न लावायचं मोकळं मैदान, त्याला स्वयंपाकघर, वधूवरांसाठी खोल्या आणि एक प्रवेशद्वार. आमच्या लॉन्सच्या प्रवेशद्वाराला चार रोमन खांब होते, वर मालकांच्या वडिलांचं नाव सर्व पदव्यांसकट होतं आणि दोन्ही बाजूंना प्लास्टरचे सिंह होते. मालकांना सगळे शेठ म्हणत. शेठ सात-आठ समित्यांचे अध्यक्ष होते. त्यांच्या वाढदिवसाचा फलक पुढच्या वाढदिवसापर्यंत राहायचा, म्हणजे त्यांना शुभेच्छा नाहीत असा एकही दिवस वर्षात नसे.

डावीकडचा रोमन खांब आमच्या रस्त्यात आला. पाठोपाठ लोखंडी गेट आलं. एरवी गेट उघडं असे. लग्न असलं की मांडववाल्यांचे ट्रक आदल्या संध्याकाळपासून रस्त्यात लागत, सकाळी पाहुण्यांच्या गाड्या दोन्ही कडांनी उभ्या राहत आणि गेटला कडी लागे. आमची फुलं आत अडकत. आता लग्नाची तिथी म्हणजेच फुलांना भाव असण्याचा दिवस, आणि झेंडू दुपारपर्यंत कुणासाठी थांबत नाही. भाऊजी आणि त्यांचे भाऊबंद क्रेट डोक्यावर घेऊन गाड्यांच्या फटींतून डांबरीपर्यंत नेत. त्यातली काही फुलं बाजारातून सजावटवाल्याकडे जात आणि त्याच लॉन्सच्या पुढच्या दाराने, तिप्पट किमतीला, सन्मानाने आत येत.

आम्ही तहसीलदारांकडे अर्ज केला. तहसीलदार जागेवर आले, नकाशा पाहिला, खांब पाहिला आणि अडथळा काढून टाकण्याचा आदेश दिला. शेठ वर गेले. वरच्या अधिकाऱ्यांसमोर त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं की रस्ता पूर्वीपासून आजतागायत सदैव खुला आहे, आणि आदेश रद्द झाला. मग राहिलं मुंबईचं हायकोर्ट.

हायकोर्टाला आणि तिथे आमची बाजू मांडणाऱ्या वकीलबाईंना पैसे लागतात. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतणीने, भाऊजींच्या मुलीने, मोबाईलवरून वर्गणी देता येईल असं एक पान तयार केलं. बँकेत वेगळं खातं उघडलं. त्यावर तिघांच्या सह्या: मी, भाऊजी आणि माझे चुलतसासरे, ज्यांना सगळी भावकी आबा म्हणते. कामाची निमंत्रक मी, कारण मला कागद वाचता येतात आणि निवृत्त बाईला दुसरं काम नसतं अशी सर्वांची खात्री होती.

आणि इथे माझी चूक झाली.

भावकीतल्या लग्नांत आहेराची वही तीस वर्षं मी लिहीत आले आहे. अक्षर बरं आहे म्हणून मांडवाच्या दाराशी टेबल टाकून मला बसवतात. नाव, गाव, रक्कम. कापड दिलं असेल तर कापड. वर्गणीची वही सुरू करताना माझा हात आपोआप तेच रकाने आखून मोकळा झाला. आबांनी पहिले पाचशे एक दिले. त्यांचं पाहून सगळ्यांच्या रकमेच्या शेवटी एक आला. मोबाईलवरून देणाऱ्या पोरांच्यासुद्धा. घोटीच्या चुलतनणंदेने अर्धं पोतं तांदूळ पाठवला. सिन्नरच्या पाहुण्यांनी वकीलबाईंसाठी साडी पाठवली. मी सगळं लिहून घेतलं. वही इतकी आहेरासारखी दिसत होती की लोकांनी ती आहेराचीच धरली.

आहेर आणि वर्गणी यांतला फरक मला पुस्तकांमुळे माहीत होता, असं नाही. तो सगळ्यांना माहीत असतो. आहेर एकदा दिला की घेणाऱ्याचा. त्याने त्याचं मंगळसूत्र करावं नाहीतर म्हैस घ्यावी, कुणी विचारत नाही, विचारणं अपमानाचं. नोंद ठेवायची ती फक्त त्यांच्याकडे कार्य निघालं की तेवढंच परत करता यावं म्हणून. म्हणजे मी लोकांचे पैसे घेतले आणि नकळत त्यांना सांगून ठेवलं की याबद्दल विचारायचं नसतं.

अशा अवस्थेत खुर्ची आली.

ती रविवारी आली, आणि तिथी मोठी होती. दुकानाचा टेम्पो डांबरीवरून वळला आणि गेटपाशी थांबला. गेट बंद, आत दोन्ही बाजूंना गाड्या. राखणदार म्हणाला, वरात येतेय, दुपारनंतर बघू. टेम्पोवाल्याला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. शेवटी भाऊजी, टेम्पोवाला आणि त्याचे दोन हमाल यांनी खुर्ची खांद्यावर घेतली आणि बाजूच्या छोट्या फाटकातून आत शिरले. मी मागून छत्री आणि भाजीची पिशवी घेऊन निघाले.

तेवढ्यात वरात आली. बँड होता, घोडा होता, फेटे बांधलेले चाळीस-पन्नास लोक होते. लाल मखमली खुर्ची चौघांच्या खांद्यावरून येताना पाहून त्यांना ती नवरदेवासाठीच आहे असं वाटलं. लोक बाजूला झाले. बँडवाल्यांनी जोर धरला. एका उत्साही मावशींनी खुर्चीवर मूठभर पाकळ्या टाकल्या आणि, हात मोकळा असल्याने, उरलेल्या माझ्यावर. आयुष्यभर मी मिरवणुकीपासून चार हात लांब राहिले. पन्नास पावलं का होईना, माझी निघाली.

लॉन्सचं सगळं काम बघणारा शेठचा पुतण्या कमानीखाली उभा होता. त्याने फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो लॉन्सच्या पानावर आला आणि तिथून भावकीच्या प्रत्येक ग्रुपवर. खाली लिहिलं होतं: "कोर्टाच्या वर्गणीतून आलेलं सिंहासन."

अखेरच्या सुनावणीला तीन आठवडे होते आणि वकीलबाईंच्या फीचा शेवटचा हप्ता जमायचा होता. गुरुवारी पुतणीचा फोन आला.

"काकू, चार दिवसांत एक रुपया आलेला नाही."

"शून्य?"

"दोघांनी तर विचारलंय की दिलेले परत मिळतील का. माझ्याच ऑफिसमधले आहेत, मी काय सांगू?"

फी भरली नाही तर तारीख पुढे जाणार होती. आणि पुढे म्हणजे किती पुढे, हे कोर्टाच्या बाबतीत विचारायचं नसतं. तोवर आणखी एक लग्नसराई गेली असती आणि दोन-तीन घरं तरी झेंडू काढून प्लॉट पाडायला तयार होती. रस्त्याचं काम तिथेच संपलं असतं.

माझ्यावर आरोप करणाऱ्यांची मला चिंता नव्हती. ते मोजके होते आणि त्यांच्याशी भांडता येत होतं. माझी अडचण केली ती माझी बाजू घेणाऱ्यांनी.

धाकटी जाऊ डबा घेऊन आली. खुर्चीवरून हात फिरवत म्हणाली, "ताई, बरं केलंत घेतलीत ते. किती हेलपाटे घातलेत तुम्ही. मुंबई काय, तहसील काय."

"ही माझ्या पैशाची आहे."

"हो हो."

"अगं, खरंच माझ्या पैशाची आहे."

"मी कुठं नाही म्हणतेय?" ती म्हणाली, ताप आलेल्या पोराशी बोलतात तशा आवाजात. "आणि असली तरी काय झालं? लोकांनी दिलं ते तुमच्याकडं बघूनच ना."

आबांकडे तेच सांगायला गेले तर आबा ओट्यावर बसून लोकांना दटावत होते. "गप बसा रे. आहेर दिला तो दिला. मागून इचारायचं नसतं. तिनं खुर्ची घ्यावी नायतर पलंग घ्यावा. बाईमाणूस तीन वर्सं पळतंय."

सगळी भावकी मला मोठ्या मनाने माफ करत होती. न केलेल्या गोष्टीची माफी किती चिकट असते याची कल्पना मला नव्हती. ती नाकारली की लोकांना तुम्ही लाजताय असं वाटतं. आणि माफ केलेल्या माणसाला कुणी दुसऱ्यांदा पैसे देत नाही, ते वेगळंच.

मी रविवारी सकाळी देवळात सभा बोलावली.

सभेला शेठही आले. त्यांना बोलावलं नव्हतं, पण पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची मोकळी ठेवण्याची लोकांना सवय आहे, ती त्या दिवशीही मोकळी होती. पांढरे कपडे, मनगटावर जाड कडं. बसता बसता त्यांनी सर्वांना नमस्कार केला, मला थोडा अधिक वाकून.

मी टेबलावर ग्रंथालयाचा एक लाकडी खण ठेवला. संगणक आले तेव्हा जुने कार्डांचे खण भंगारात निघाले होते, त्यातला एक मी रीतसर लिलावात घेतला होता. कोर्टाच्या खर्चाचा प्रत्येक कागद मी पुस्तकासारखा नोंदवला होता: एका खर्चाचं एक कार्ड, मागे पावती डकवलेली. ही सवय आहे, सद्गुण नाही. मी घरातल्या मसाल्यांचीही कार्डं केली असती, पण हिंगाच्या डबीत काय आहे हे वासाने कळतं.

"कुणीही यावं, कुठलंही कार्ड काढावं," मी म्हटलं.

आधी कुणी उठलं नाही. आहेराचं तपासायला उठायचं म्हणजे अवघडच. मग मागून एकाने बसल्या जागेवरून विचारलं, "तांदळाचं काय झालं, काकू?"

"तांदूळ मी खाल्ला."

सभामंडपात हशा झाला. शेठ सर्वांत मोठ्याने हसले.

"हायकोर्टात तांदूळ घेत नाहीत," मी कार्ड काढलं. "बाजारभावाने मीच विकत घेतला. पैसे त्याच दिवशी खात्यात भरले, ही बँकेची चिठ्ठी. भात चांगला होतो, घोटीला कळवलं आहे."

"आन् वकीलबाईंची साडी?"

"त्यांना दिली. मिळाल्याची सही आहे. रंग आवडला नाही हेही त्यांनी सांगितलं, पण ते कार्डावर नाही."

"मुंबईत स्टेशनापासून टॅक्सी केली म्हणं?"

"दोनदा. चारशे पानांच्या तीन फायली होत्या आणि मी एकटी होते. बसने गेले असते तर फायली पोचल्या असत्या, माझा भरवसा नव्हता. ती टॅक्सी मी वर्गणीतून केली, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. कोर्टाच्या कँटीनचं जेवण लावलं आहे, चहा लावलेला नाही. चहा मी घरीही पिते."

आता लोक जरा सावरून बसले. शेठ उठले. शेठ उठले की माईक असल्यासारखे बोलतात.

"मॅडमच्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्या मनात किंचितही शंका नाही," ते म्हणाले. "परंतु सार्वजनिक जीवनात पारदर्शकता हवी. माझाही या भागाशी ऋणानुबंध आहे. म्हणून समाजाच्या वतीने एवढंच विचारतो. खुर्चीचं कार्ड कुठे आहे?"

"खुर्चीचं कार्ड नाही."

"बघा," शेठ लोकांकडे वळले.

"ती खुर्ची मी माझ्या पैशाने घेतली. पावती माझ्या पर्समध्ये आहे, आत्ता, इथे. आणि मी ती दाखवणार नाही."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्स आणली होती ती दाखवायच्याच विचाराने. रात्रीपासून तीनदा पावती आत आहे ना बघितलं होतं. दोन मिनिटांत विषय संपला असता. पण पावती म्हणताच शेठनी पुढे केलेला हात पाहिला आणि लक्षात आलं की तो संपणार नाही. आज खुर्ची, उद्या चष्मा, परवा मी बहिणीकडे कशाने गेले. लोकांचं काम हातात घेतलं की बाईचं घर लोकांचं होतं, ही अट मी कुठल्याही कागदावर वाचली नव्हती, आणि मी कागद नीट वाचते.

"वर्गणीतला प्रत्येक रुपया विचारा," मी म्हटलं. "तो तुमचा हक्क आहे, मी तो टाळलेला नाही. माझ्या पेन्शनचं मी काय करते हे विचारायचा हक्क माझ्या सासूबाईंना होता, त्याही विचारत नव्हत्या. दोन खाती वेगळी आहेत. या खणात खुर्ची नसेल तर खुर्ची तुमच्या पैशाची नाही, इतकं साधं आहे. खण तपासा. पर्स नाही."

मग जे बोलायला मी सभा बोलावली होती ते बोलले.

"आणि ज्यांनी मला माफ केलं आहे त्यांना सांगते. माफी परत घ्या. वही मी आहेरासारखी लिहिली, ती माझी चूक. पण हा आहेर नव्हता. आहेर माझा झाला असता. हे पैसे एक दिवसही माझे नव्हते. मी यातलं काही घेतलं असं ज्याला वाटत असेल त्याने फिर्याद करावी, दया करू नये. दुसरा निमंत्रक निवडायचा असेल तर खण इथेच आहे."

मी बसले. पुढच्या रांगेतून आबांनी मान वर केली. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतात.

"म्हंजी तू खरंच घेतलं नाय?"

"नाही, आबा."

"कायच नाय?"

"काहीच नाही."

"मंग आधी का नाय बोलली?"

"बोलले. तुम्ही पलंग घ्या म्हणालात."

आबांनी बाजूला ठेवलेली काठी ओढून घेतली. मग म्हणाले, "बरं. माफी माघारी घेतली." आणि काठी टेकत उठले, टेबलापाशी आले. "आता माझ्या पाचशे एकाचं काय केलं ते सांग."

मी कार्ड काढून दिलं. सगळ्यांत पहिले आलेले पैसे सगळ्यांत पहिल्या खर्चाला लागले होते: तहसील कचेरीतल्या आदेशाच्या नकला, टायपिंग, स्टॅम्प. आबांनी कार्ड हातभर लांब धरून वाचलं. उलटं करून पावती पाहिली. नख लावून डकवलेली सुटते का तेही पाहिलं.

"नकलांना लय घेतात," ते म्हणाले. "दर काय हाय पानाला?"

मी दर सांगितला. त्यांनी मनात हिशेब केला, मान हलवली आणि कार्ड परत दिलं. "बरोबर हाय."

त्यानंतर रांग लागली. मी अतिशयोक्ती करत नाही. धाकट्या जावेलाच रांग सरळ करायला उभं राहावं लागलं. ज्याला त्याला आपल्या पैशाचं काय झालं ते बघायचं होतं. कुणाचे दोनशे एक मोजणीच्या फीत गेले होते, कुणाचे वकीलबाईंच्या पहिल्या तारखेत. एका काकांना त्यांच्या पैशाची टॅक्सी झालेली आवडली नाही. त्यांनी शेजारच्याशी कार्ड बदलून मागितलं. मी नाही म्हटलं. वाद झाला, आणि तो वाद ऐकून मला जे बरं वाटलं ते मानपत्र ऐकून वाटलं नव्हतं.

आबांनी तिथेच नवे पाचशे दिले. वरचा रुपया दिला नाही. "आहेर नाय ना," ते म्हणाले.

शेठकडे कुणाचं लक्ष राहिलं नव्हतं. हे त्यांच्या सवयीचं नव्हतं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, उंच धरला आणि म्हणाले, "पण हा फोटो तर खोटा नाही ना?"

त्या आठवड्यात मी तो फोटो धडपणे पाहिलाच नव्हता. स्वतःला त्या अवस्थेत बघवत नव्हतं. मी चष्मा लावला आणि मोबाईल हातात घेतला. मधोमध खुर्ची, चार खांदे, मागे मी, डोक्यावर पाकळ्या. डाव्या हाताला बंद गेट, त्याची कडी लागलेली स्पष्ट. गेटपलीकडे टेम्पो. अलीकडे रस्त्यात, दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथवर मोटारी.

"हा तुमच्या माणसाने काढला ना?" मी विचारलं.

"आमच्या पुतण्यानेच. आमच्या पानावर आहे अजून. तारीख-वेळेसकट."

"मग खुर्ची खांद्यावर का आहे?"

शेठ म्हणाले, "म्हणजे?"

"टेम्पो मागे दिसतोय. खुर्ची टेम्पोतून का नाही आणली?"

शेठना उत्तर तोंडावर आलं होतं, ते मी पाहिलं. रस्त्यात गाड्या होत्या, हे ते म्हणणारच होते. ते थांबले. भाऊजींच्या लक्षात सगळ्यांच्या आधी आलं. ते खांबाला टेकून उभे होते, ते खालीच बसले आणि हसू लागले.

"शेठ," मी म्हटलं, "फोटो छान आहे. काढू नका पानावरून."

त्यांनी अर्ध्या तासात काढला. पण पुतणीने तो सोमवारीच साठवून ठेवला होता, आणि फी शुक्रवारपर्यंत जमली.

सुनावणीच्या दिवशी आम्ही पाच जण नाशिकरोडहून सकाळच्या गाडीने गेलो. तिकिटं ज्याची त्याने काढली. कोर्टात सगळं इंग्रजीत आणि हळू आवाजात चाललं. माझ्या शेजारी भाऊजी देवळात बसल्यासारखे बसले होते. वकीलबाई वयाने माझ्या पुतणीएवढ्या, आवाज बारीक. त्यांनी आधी शेठचं प्रतिज्ञापत्र वाचलं, सदैव खुला वगैरे. मग फोटो पुढे केला आणि तो कुणी, कुठे, कधी टाकला ते सांगितलं. न्यायमूर्तींनी फोटो बराच वेळ पाहिला. बहुधा माझ्याकडेही पाहिलं असावं, पण ओळखल्याचं दाखवलं नाही.

शेठच्या वकिलांनी सांगितलं की रस्ता फक्त लग्न असतं त्याच दिवशी थोडा वेळ बंद राहतो.

न्यायमूर्तींनी विचारलं, अर्जदार पिकवतात काय?

वकीलबाई म्हणाल्या, फुलं.

न्यायमूर्ती म्हणाले, मग त्यांना रस्ता आणखी कुठल्या दिवशी हवा असेल?

तहसीलदारांचा आदेश कायम झाला. व्हरांड्यात वकीलबाईंनी तो आम्हाला मराठीत दोनदा समजावून सांगितला. पहिल्यांदा कळला होता, दुसऱ्यांदा ऐकायला छान वाटत होतं.

महिन्याभराने तहसीलची माणसं, पोलीस आणि मोजणीवाले आले. गेट काढलं. रोमन खांब आतून पोकळ निघाला, त्याला फार वेळ लागला नाही. त्यावर लगेच भावकीने ठरवलं की उरलेल्या वर्गणीतून माझा सत्कार करायचा. स्टेज, फलक, फेटा. एकाने जागा म्हणून लॉन्स सुचवलं, भाडं कमी करून मिळेल म्हणाला. मी सांगितलं की ते पैसे रस्त्याच्या कामाचे आहेत आणि माझा फेटा हा रस्त्याचा भाग नाही. त्या पैशांतून मोजणीची उरलेली फी भरली आणि दोन्ही कडांना हद्दीचे दगड रोवले. बत्तीस दगड, बत्तीस कार्डं नाहीत, एकच. इतकी काही मी वेडी नाही.

दसऱ्याच्या आदल्या पहाटे मी आमच्या घराच्या फाटकाशी उभी होते. मळ्यांतून झेंडूच्या गाड्या एकामागून एक निघाल्या. क्रेटवर क्रेट, वर ओलं गोणपाट. भाऊजींची चौथी होती. पहिल्या तीन सरळ गेल्या. तेवढ्यात समोरून एका चुलतदिराचा टेम्पो रिकामा परत आला, दुसरी खेप घ्यायला, आणि दोघे मधोमध समोरासमोर थांबले.

"मागं घे," भाऊजी म्हणाले.

"तू घे. मी वळण पार करून आलोय."

"माझा माल भरलाय. तुझा रिकामा हाय."

"रिकामा हाय म्हणूनच घाई हाय. आमचं क्रेट कडेला पडलंय."

"तुला दगडापाशी थांबता येत नव्हतं? मोठा दगड रोवलाय तिथं, दिसत नाय?"

"दगड काय तुझ्या मळ्याचा हाय?"

मागे हॉर्न वाजू लागले. आवाज चढले, आजोबांच्या काळचा एक बांध निघाला, त्यावरून एक विहीर निघाली. मला पुढे होऊन मध्ये पडता आलं असतं. दोघेही माझं ऐकतात. पण मी तशीच उभी राहिले. तीन वर्षांनी आमच्याकडे आपसात भांडता येईल एवढा रस्ता झाला होता.